जपलेली मोटार

गेल्या अक्षय्य तृतीयेच्या सुमारास लातूरहून माझ्या एका स्नेह्यांचा फोन आला. हे गृहस्थ तेथल्या आडत बाजारात तुरीचा आणि सोयाबीनचा व्यापार करतात. वाचन बेताचे, पण माझी प्रत्येक कादंबरी विकत घेतात. न वाचता का होईना, विकत घेतात. त्यामुळे त्यांचा शब्द मला मोडवत नाही. म्हणाले, "गुरुजी, गाडी आली. येऊन बघून जावा. आन् येताना कागद-पेन आणा."

गाडी म्हणजे १९५२ सालची एम. जी. टी. डी. दोनच आसनांची, कापडी टपाची, पुढची काच बॉनेटवर आडवी पाडता येते अशी. रंग गर्द हिरवा. इंग्लंडात ॲबिंग्डन गावच्या कारखान्यात १९५० ते १९५३ या काळात या जातीच्या तीस हजारांच्या आसपास मोटारी तयार झाल्या आणि त्यांतल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या. इंजिन साडेबाराशे सी.सी.चे. पण या मोटारीचा डौल इंजिनात नाहीच. लांब बॉनेट, वळणदार मडगार्ड, आणि पत्र्याच्या आत ॲश लाकडाचा सांगाडा. बोटाने टिचकी मारली की कुठे पत्रा बोलतो, कुठे लाकूड. हैदराबादच्या एका घराण्याकडे ती वर्षानुवर्षे होती. स्नेह्यांनी ती कितीला घेतली ते त्यांनी मला सांगितले आहे आणि त्यांच्या सौभाग्यवतींना सांगितलेले नाही. म्हणून येथे आकडा देत नाही.

कागद-पेन कशासाठी, तर मोटारीशेजारी भिंतीवर लावायला एक चौकट हवी होती. तीत मोटारीची हकीकत लिहायची. जाहिरातीत जे शब्द होते त्यांचाच विस्तार करावा, एवढीच त्यांची अपेक्षा. ते शब्द होते, 'उत्तम जपलेली'.

मी मराठीचा मास्तर. विशेषण दिसले की ते कोणी कोणाला लावले, हे विचारायची मला सवय आहे. उत्तम जपलेली, हे कबूल. पण जपली कोणी? वाक्यात कर्ताच नाही.

कायद्याने या बाबतीत आपल्यापेक्षा बरे व्याकरण पाळले आहे. २०२१ साली केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी वेगळे नियम केले. वाहन पन्नास वर्षांहून जुने हवे, ते मूळ रूपात हवे. सांगाडा, कवच आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नको. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, पुढे नूतनीकरणाला पाच हजार. क्रमांकात 'व्ही ए' ही दोन अक्षरे येतात. प्रदर्शन, शर्यत-मेळावा, पेट्रोल भरणे, दुरुस्ती अशा कामांपुरतीच ती रस्त्यावर आणायची. रोजच्या वापराला मनाई. म्हणजे आमच्या शेठजींना ती घेऊन बाजारात जाता येणार नाही, पण ती बिघडली तर मात्र खुशाल रस्त्याने नेता येईल!

हे 'मूळ रूप' प्रकरण वाङ्मयाच्या माणसाला परके नाही. पैठणला नाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तीनशे वर्षांच्या हातांनी घुसडलेले काढले, गाळलेले भरले आणि पुढे कोणी आपली ओवी त्यात मिसळू नये अशी ताकीद देऊन ठेवली. जुन्या मोटारीची दुरुस्ती करणाऱ्यापुढे हाच पेच असतो. किती घासावे? कुठे थांबावे? नवा चकाकता रंग म्हणजे प्रक्षिप्त ओवीच. पण नाथांची ताकीद वाचताना आपण एक गोष्ट विसरतो. मधली तीनशे वर्षे चुका करत का होईना कोणीतरी नकला करत राहिले, म्हणून नाथांना शुद्ध करायला प्रत मिळाली. त्या नकलाकारांची नावे आपल्याला नकोशी असतात.

शेठजींना खरेदी काही नवी नाही. त्यांचे वडील शेतकरी. हाळी-हंडरगुळीच्या बाजारात देवणी बैल घ्यायला जात, तेव्हा या पोराला बरोबर नेत. आमच्याकडे मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतही तोच देखावा असतो. दात पाहायचे, दोनदाती, चौसा, सहादाती की जुळलेला. भोवरे पाहायचे, खूर पाहायचे, चार पावले चालवून पाहायचे. मग हेडी उपरण्याखाली हात धरतो आणि बोटांनी भाव ठरतो. शेठजींनी हैदराबादेत मोटार अशीच पाहिली, असे ते अभिमानाने सांगतात. चाकांपाशी बसले, खालून पाहिले, लाकूड किडले आहे का म्हणून दाराच्या कडेला नख लावले. फक्त एक विचारायचे राहिले. बैल घेताना शहाणा माणूस विकणाऱ्या मालकाला फारसे विचारीत नाही. मालक खोटे बोलणारच. तो गड्याला बाजूला घेतो, त्याच्या तळहातावर तंबाखू ठेवतो आणि विचारतो, "खोड काय हाय?" मारका आहे का, बुजतो का, जुवाखाली बसकण मारणारा 'बशा' आहे का, हे गड्यालाच ठाऊक.

चौकट लिहायला घेतली तेव्हा जुन्या मोटारींवर इतरांनी काय केले आहे ते पाहावे म्हणून मी उन्हाळ्याच्या सुट्टीत तीन चित्रपट पुन्हा पाहिले. तिन्ही नामांकित, आणि तिघांनाही मी हाच प्रश्न विचारला: गडी कुठे आहे?

पहिला 'जेनेव्हिव्ह', १९५३ चा इंग्रजी चित्रपट. लंडन ते ब्रायटन हा जुन्या मोटारींचा प्रवास तिकडे दरवर्षी होतो. १९०५ पूर्वीच्या मोटारींनाच त्यात प्रवेश. दोन मित्र, एकाची १९०४ ची डाराक, दुसऱ्याची स्पायकर. परतीच्या वाटेवर शंभर पौंडांची पैज लागते, वेस्टमिन्स्टरचा पूल आधी कोण ओलांडतो याची. चित्रपट हसरा आहे, खेळकर आहे. मालकांच्या बढायांची आणि त्यांच्या बायकामैत्रिणींच्या वैतागाची त्यात चांगली थट्टा आहे. (मोटार चालवणाऱ्या नायकाला, म्हणजे जॉन ग्रेगसन या नटाला, त्या वेळी मोटार चालवता येत नव्हती. आमच्याकडे बैलगाडीत बसून गाणी म्हणणाऱ्या नटांना हसताना हे ध्यानात ठेवावे.) पण चित्रपट मोठा होतो तो एकाच ठिकाणी. पैज अगदी हातातोंडाशी आली असताना एक म्हातारा वाटेत भेटतो. त्याच्याजवळ तरुणपणी अशीच डाराक होती. तो आठवणी सांगू लागतो आणि आपला नायक, मिनिटामिनिटाने पैज हरत असताना, त्याचे ऐकून घेतो. जुनी वस्तू बाळगणाऱ्याचे खरे कर्तव्य काय, ते येथे एका शब्दाचे भाषण न करता दाखवले आहे. तरीही हे सगळे जग मालकांचे. नटबोल्ट आवळणारे हातही मालकाचेच, आणि तेही रविवारी हौसेने.

दुसरा 'चलती का नाम गाडी', १९५८ चा. सत्येन बोस यांचे दिग्दर्शन, तिघे गांगुली बंधू, आणि मधुबाला. याला कोणी गंभीरपणे घेत नाही. मलाही घेऊ देत नाहीत. शाळेत मी याचे नाव काढले की सहकारी गुणगुणू लागतात. पण नीट पाहिले तर या चित्रपटाचा सगळा डोलारा एका गॅरेजच्या बिलावर उभा आहे. पावसाच्या रात्री श्रीमंताची मुलगी बंद पडलेली मोटार घेऊन येते, मिस्त्री ती नीट करतो आणि ती पैसे न देता निघून जाते. पाच रुपये बारा आणे. ते वसूल करायला तो तिच्या मागे जातो आणि तेथून पुढचे सगळे घडते. आपल्याकडच्या किती कादंबऱ्यांत, माझ्या धरून, कारागिराची मजुरी कथानकाला चालना देते? या बाबतीत हा खुळचट म्हणवला जाणारा चित्रपट आपल्या ग्रामीण कथेलाही मागे टाकतो. दोष सांगायचा तर असा की, पुढे प्रेम, खलनायक आणि शर्यत यांच्या गर्दीत तो आपले बिल विसरतो. मिस्त्री नायक झाला की त्याच्या हाताचे ग्रीस धुऊन जाते.

तिसरा 'अजांत्रिक'. तोही १९५८ चाच. सुबोध घोष यांच्या बंगाली कथेवरून ऋत्विक घटक यांनी केला. छोटा नागपूरच्या माळावर बिमल नावाचा टॅक्सीवाला आणि त्याची १९२० ची खटारा शेव्हरोले, जगद्दल. (आपल्या मुंबईत शिवडीला शेव्हरोलेची जुळणी १९२८ साली सुरू झाली, ही त्याही आधीची.) गाव त्याला वेडा म्हणते. तो रेडिएटरमध्ये पाणी ओततो तेव्हा मोटार घटाघटा पिते. तसा आवाजच दिला आहे. हे युक्ती म्हणून केले असते तर पाच मिनिटांत कंटाळा आला असता. पण काली बॅनर्जींचा बिमल त्या आवाजाकडे ज्या कानाने ऐकतो, तो कान आपण गोठ्यात पाहिला आहे. आजारी बैलाच्या पोटाला कान लावणारा माणूस असाच स्तब्ध असतो.

आणि घटक येथे थांबत नाहीत, म्हणून तो चित्रपट थोर. बिमल आपली सगळी पुंजी खर्चून जगद्दलला नवे सुटे भाग घालतो. मग ती खरेच बरी झाली का हे पाहायला तिच्यावर धोंडे लादतो आणि त्यातच ती कायमची मोडते. जपणाऱ्याच्या मनात वस्तूची परीक्षा घेण्याची क्रूर हौस कशी दडलेली असते, हे मी दुसऱ्या कुठल्याही कलाकृतीत इतक्या स्पष्टपणे पाहिलेले नाही. शेवटी ती भंगारात जाते. नंतर एक लहान मूल तिचा सुटा पडलेला भोंगा वाजवताना दिसते आणि बिमलच्या डोळ्यांत पाणी असताना ओठांवर हसू येते. काही समीक्षक या शेवटात आशा पाहतात. मला ती जागा त्याहून अवघड वाटते. तो हसतो, कारण त्याला आवाज ओळखू येतो, एवढेच.

मराठीत अशी मोटार माझ्या वाचनात नाही. पु. लं.ची 'म्हैस' आहे, पण ती एस.टी.ची गोष्ट, तेथे गाडी सगळ्यांची आणि म्हणून कोणाचीच नाही. बैलावर मात्र आपण अपार लिहिले. कारण उघड आहे. आमच्या मुलखात मोटार ही माया लावायची वस्तूच नव्हती; ती दुरून, धुरळ्यातून पाहायची वस्तू होती. हैदराबाद संस्थानातल्या सगळ्यांत प्रसिद्ध मोटारीचे पाहा ना. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी रोल्स रॉइसकडे एक सिल्व्हर घोस्ट मागवली. पिवळी धमक, आत सिंहासनासारखी बैठक. १९११ साली ते वारले आणि मोटार मागाहून आली. सातव्या निजामांच्या कारकिर्दीत ती अवघे साडेतीनशे मैलांच्या आसपास धावली, असे वाचनात येते. म्हणजे नांदेडहून हैदराबादला जाऊन परत यावे, एवढेच अंतर. आज ती चौमहल्ला राजवाड्यात आहे, आणि लोक तिला 'उत्तम जपलेली' म्हणतात. १९३२ साली त्याच संस्थानाच्या रेल्वे खात्याने सत्तावीस बसगाड्या रस्त्यावर आणल्या. माझ्या आजोबांनी आयुष्यात पहिल्यांदा जवळून पाहिलेली मोटार ती. तेवढे मैल अशी एखादी बस आठवड्याभरातच तोडत असेल. न वापरल्यामुळे टिकलेल्या वस्तूला 'ठेवलेली' म्हणावे. 'जपलेली' हा शब्द मी तिला देणार नाही.

शेठजींच्या एम. जी.ला द्यावा की नाही, हे माझे ठरत नव्हते. तेवढ्यात मोटारीबरोबर आलेल्या कागदांच्या पिशवीत एक वही सापडली. लांबट, कापडी बांधणीची, तेलाने अर्धी काळी झालेली. आत सगळे उर्दू. माझ्या आजोबांची शाळा उर्दूतून झाली होती. त्यांनी ती घडाघडा वाचली असती. मला त्यातले अलिफ आणि बे कळेना. ही आमच्या मराठवाड्याची एक गंमतच आहे. तीन पिढ्यांमागचे घरचे खतावणीचे कागद आम्ही वाचू शकत नाही. वही घेऊन नांदेडला आलो. इतवाऱ्यात एक निवृत्त उर्दू शिक्षक राहतात. चार संध्याकाळी त्यांनी ती मला वाचून दाखवली आणि मी मराठीत उतरवून घेतली.

मोटारीच्या मिस्त्रीची ती वही. बावीस वर्षांच्या नोंदी. तारीख, काम, सामान, मजुरी. कुठे पॅकिंग बदलले, कुठे पिस्टनच्या रिंगा, कुठे दाराच्या लाकडाला तेल. विशेषण एकही नाही. मूळ सामान मिळेना तेव्हा काय बसवले, ते त्याने प्रत्येक वेळी प्रामाणिकपणे लिहिले आहे आणि मूळ तुकडा कुठे गुंडाळून ठेवला, तेही. नाथांना असा नकलाकार मिळता तर! मग मधे एक काळ येतो, तेव्हा मालक परदेशी गेलेले दिसतात. कामाचा रकाना रिकामा, मजुरीचा रिकामा. पण दर महिन्याला एक तारीख आहे आणि तिच्यापुढे एवढेच, की इंजिन दहा मिनिटे चालू ठेवले. अशा एकतीस तारखा. त्या वाचताना मास्तरसाहेब चष्मा पुसायला थांबले. शेवटच्या पानावर बाकी: तीनशे चाळीस रुपये. ती मिळाल्याची नोंद नाही.

जुन्या मोटारीवरचे मी वाचलेले सर्वांत चांगले गद्य ते हेच. घटकांच्या चित्रपटात जे प्रेम तालावर आणि छायेवर उभे आहे, ते येथे तारखांवर उभे आहे. लेखकाला आपण काही सांगतो आहोत याची कल्पनाच नाही, म्हणून तो कुठे जास्त सांगत नाही. एकतीस महिने कोणी न विचारता येऊन जाणाऱ्या माणसाची कादंबरी मी लिहिली असती, तर त्याच्या मनात काय चालले होते यावर पन्नास पाने खर्ची घातली असती, आणि ती वाईट पाने झाली असती.

मी चौकटीचा मजकूर लिहिला. त्यात कारखाना, साल, घराणे हे सगळे चार ओळींत उरकले आणि बाकीचे वहीतले घातले. मिस्त्रीच्या नावासकट आणि बाकीच्या रकमेसकट. शेठजींनी वाचले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "गुरुजी, उधारीचं कामून लिवता? लोक नवाबाची गाडी म्हणून बघायला येणार."

मी म्हटले, "तुमच्या दुकानी शेतकऱ्याचे अकरा रुपये निघत असले, तरी तुम्ही वहीत ठेवता ना?"

"ते माझ्याकडचं. हे तर दुसऱ्याचं."

"गाडी घेतली तेव्हा बाकीही घेतली, शेठ."

ते रागावले नाहीत, पण मजकूर घडी करून खिशात घातला. पुढे दोन महिने फोन नाही. मधे कळले, की भिंतीवर इंग्रजीत छापलेली दुसरी चौकट लागली आहे. तीत नवाब आहेत आणि ते दोन शब्दही आहेत.

दसऱ्याला मी लातूरला गेलो तो आपट्याची पाने द्यायला, मोटारीसाठी नव्हे. खंडेनवमीला गाडीची पूजा झाली होती, बॉनेटवर झेंडूचा हार होता आणि गाडी बंद होती. पावसाळाभर उभी होती. सेल्फ मारून मारून बॅटरी उतरली. दुसरी लावली, तरी नाही. शेजारच्या गॅरेजातला वीस-बावीस वर्षांचा पोरगा घाम पुसत उभा होता. पेट्रोल पुढे येईना, एवढे त्याला कळले होते. सगळी आडत गंजगोलाईपर्यंत हसेल, या धास्तीने शेठजींनी फाटक लावून घेतले होते.

माझ्या पिशवीत उतरवलेली वही होती. खोडीचे पान मला पाठ झाले होते. पेट्रोलचा विजेवर चालणारा पंप, इंजिनामागच्या पडद्यावर बसवलेला. गाडी फार दिवस उभी राहिली की त्याचे आतले टोक चिकटते. हातोडीच्या लाकडी दांड्याने हळू ठोकावे, लोखंडाने नाही. टिकटिक सुरू झाली की थांबावे, ती मंदावू द्यावी, मगच सेल्फ.

पोराने पाना ठेवला आणि हातोडी उलटी धरली. दोनदा ठोकले. काही नाही. तिसऱ्यांदा ठोकले तेव्हा आतून घड्याळासारखी टिकटिक आली. आधी भरभर, मग सावकाश. पोरगा माझ्याकडे पाहत राहिला. "कुणी सांगितलं ओ सर हे तुम्हाला?"

मी शेठजींकडे पाहिले. त्यांनी गाडीत बसून सेल्फ दाबला, इंजिन धरले, आणि ते धडधडत असतानाच खिशातून पाकीट काढून आतला घडी घातलेला कागद चाचपला.

"त्या मिस्त्रीचं कुणी असंल का हैदराबादेत?" त्यांनी विचारले.

मास्तरसाहेबांनी वहीच्या पुठ्ठ्यावरचा पत्ता वाचून दिला होता, तो मी त्यांना सांगितला.